अम्मींचे बारा महिने

आमच्या स्वयंपाकघरात दोन कॅलेंडरं एकाच खिळ्याला टांगलेली असतात. वर कालनिर्णय आणि त्याच्या मागे मशिदीतून मिळालेलं उर्दू कॅलेंडर. दूधवाल्याचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, माझ्या शाळेच्या चाचण्या पहिल्यावर. सहेरी-इफ्तारच्या वेळा आणि उर्स दुसऱ्यावर. तिसरं कॅलेंडर कुठेच छापलेलं नाही. ते माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या तोंडी असतं. त्यांचे महिने असे : मोहरम, तेरातेजी, बारावफात, ग्यारवी, मदार, ख्वाजा, रजब, शबेबरात, रमजान, ईद, खाली आणि बकरीद. सफर, रबीउल अव्वल, जमादिलाखर ही नावं त्यांना ठाऊक नाहीत असं नाही. पण ती नावं खुतब्यातली. ही बारा नावं चुलीजवळची.

ही नावं त्यांना त्यांच्या सासूने दिली. अम्मींचं माहेर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी. अब्बा कऱ्हाड डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर होते, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला मुक्कामी गाडी न्यायचे. त्या मुक्कामातून सोयरीक जमली आणि कोकणातली मुलगी घाटावर आली. आली तेव्हा तिला दखनी येत नव्हती आणि आमच्या दादीला कोकणी कळत नव्हती. दोघींमध्ये पहिली देवाणघेवाण झाली ती या महिन्यांच्या नावांची. कुठल्या महिन्यात काय रांधायचं, कोणाच्या नावाने फातेहा द्यायची, कुठल्या महिन्यात लग्न काढायचं नाही, हे सगळं त्या नावांतच आलं. पुढे मी मिरजेहून या घरात सून म्हणून आले, तेव्हा अम्मींनी तीच बारा नावं माझ्या पदरात टाकली.

हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. इंग्रजी वर्षाच्या मानाने ते दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि साधारण तेहेतीस वर्षांनी सगळे ऋतू फिरून जागेवर येतं. अम्मी आता सहासष्टीच्या पुढे आहेत. म्हणजे त्यांच्या हयातीत रमजान दोनदा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा पालथा घालून आला. हिशेब मांडायला बसले तर अशी कितीतरी वर्षं मांडता येतील. पण इथे सांगायचं आहे ते हिजरी १४४५ या एकाच वर्षाबद्दल. जुलै २०२३ ते जुलै २०२४. आमच्या घरात जेवढं म्हणून घडायचं होतं, ते त्या वर्षाने एकगठ्ठा आणून टाकलं.

वर्ष सुरू व्हायच्या आधी तीन आठवडे, २९ जून २०२३ला, आषाढी एकादशी आणि बकरीद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात ठिकठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी ईदची नमाज तेवढी पढली आणि कुर्बानी पुढे ढकलली. कुर्बानीला शरीअतने तीन दिवस दिलेले आहेत, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. आमच्या आळीतही दुसऱ्या दिवशी झाली. कोल्हापुरात त्याच महिन्यात, ७ जूनला, मोबाईलवरच्या स्टेटसवरून दगडफेक होऊन गेली होती. त्यामुळे धाकट्याच्या हातातला फोन ह्यांनी रोज रात्री तपासायचा असा घरात नियमच झाला. बारा वर्षांचं पोर ते. त्याला क्रिकेटच्या स्टेटसपलीकडे काही सुचत नाही. पण भीती वय विचारत नाही.

मोहरमला घरात गूळ घालून चोंगे झाले, सरबत झालं. दहावीला, २९ जुलैला, आम्ही सगळे कडेगावला गेलो. आमच्याकडून जेमतेम तासाभराचा रस्ता. बांबूचे ते उंच ताबूत, त्यांना दोऱ्यांनी तोलून धरणारे शेकडो हात आणि त्यांच्या भेटी पाहायला लोटलेली गर्दी. त्या दोऱ्या धरणारे हिंदूही असतात, मुसलमानही. थोरली दहावीत होती. तिला हे सगळं निबंधाचा विषय वाटत होतं. अम्मी मात्र छत्री धरून उभ्या होत्या आणि दोऱ्या ओढणाऱ्यांच्या हातांना फोड येत असतील याचीच त्यांना काळजी.

मग तेरातेजी. या महिन्याचे पहिले तेरा दिवस जड असतात असं आमच्या दादीचं म्हणणं. म्हणून सदका द्यायचा. सफर महिन्यात अशुभ असं काही नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे आणि हे ते दरवर्षी घरात वाचून दाखवतात. अम्मी ऐकून घेतात आणि म्हणतात, "अशुभ नाही ना? मग सदका दिल्याने काय बिघडतं?" या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी, आखरी चहारशंब्याला, डबे घेऊन हिरवळीवर जायचा आमच्या घरचा रिवाज आहे. आम्ही प्रीतिसंगमावर जातो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ती जागा. यशवंतरावांची समाधी तिथेच. तो बुधवार १३ सप्टेंबर २०२३चा होता. त्याच्या आदल्या रविवारी, १० तारखेच्या रात्री, आमच्याच जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला. नमाजला गेलेला एक तरुण मारला गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. बुधवारी आम्ही डबे भरले, पण बाहेर पडलो नाही. माडीवर सतरंजी अंथरून जेवलो. कुणी काही बोललं नाही. धाकट्याने विचारलं, "नदीवर का नाही?" अम्मी म्हणाल्या, "नदी कुठे जात नाही बाळा. पुढच्या साली जाऊ."

बारावफातला पुन्हा दोन कॅलेंडरं एकमेकांवर आली. २८ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. मुस्लिमांनी आपण होऊन जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि राज्य सरकारने सुट्टीही २९ला दिली. आम्हां शिक्षकांना अचानक मिळालेली सुट्टी कधीच कडू लागत नाही. पण त्या वर्षी ती सुट्टी मला विशेष गोड लागली, हे सांगायला हवं.

ग्यारवीच्या महिन्यात पुण्याहून फोन आला, नणंदेला मुलगी झाली. पाच वर्षांनी घरात पाळणा. सातव्या दिवसाच्या अकीक्याला आम्ही सगळे एस.टी.ने निघालो. मार्च २०२३पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालेलं आहे. अम्मींना ज्येष्ठ म्हणून ते आधीही होतंच, पण आता सुनेलाही आणि नातीलाही अर्धं याचा त्यांना कोण आनंद! "अब्बा असते तर म्हणाले असते, आता एस.टी. बायकांची झाली," असं म्हणून त्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे बसल्या. अब्बा गेल्याला चार वर्षं झाली होती. ती जागा त्या अजून सोडत नाहीत. पुण्यात बाळाचं जावळ काढलं, त्याच्या भाराइतक्या चांदीची किंमत सदका केली, मुलीचा म्हणून एक बकरा झाला. बाळाला मांडीवर घेऊन अम्मींनी तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. नंतर कळलं, त्यांनी तिथेच नियत सांगून टाकली होती. आम्हांला सांगायच्या आधी त्या सात दिवसांच्या नातीला.

मदार महिना लागला आणि डिसेंबरात हजचे अर्ज निघाले. एका संध्याकाळी अम्मींनी शिलाई मशीनवरची झाकणी काढली, खालच्या खणातून बँकेचं पासबुक, सोन्याच्या चार बांगड्यांची पुडी आणि पासपोर्ट काढून माझ्यापुढे ठेवला. पासपोर्ट कधी काढला, हेसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हतं. "मला जायचंय. चौघीजणी जाणार. महरम नाही." बाकीच्या तिघी म्हणजे कॉटेज हॉस्पिटलातून निवृत्त झालेली एक नर्सबाई, बाजारात बांगड्या भरणारी एक विधवा आणि अम्मींची कोकणातली मावसबहीण.

२०१८ पासून भारतातून पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना महरमशिवाय हजला जाता येतं. सुरुवातीला चारजणींच्या गटाची अट होती. कागदावर ही वाट सरळ दिसते. घरात ती सरळ नव्हती. अब्बांचे धाकटे भाऊ, आमचे चाचा, जुम्याच्या नमाजनंतर तडक घरी आले. "भाभी, महरम के बगैर कैसा जाते?" त्यांचा राग नव्हता, काळजी होती आणि मसला होता. हनफी मसलकात स्त्रीला हजच्या प्रवासाला महरम लागतो. ह्यांचंही म्हणणं पडलं की दोन वर्षं थांब, पैसे साठले की मी सोबत येतो. दीर फोनवरून म्हणाले, आधी उमरा कर. सगळ्यांचं बोलून झाल्यावर अम्मी शांतपणे म्हणाल्या, "माझं लग्न घाटावर झालं. मसलक चिपळूणलाच राहिलाय."

हे अगदी खरं होतं. कोकणी मुसलमान शाफई. इतकी वर्षं आमच्या घरात दोन असर होतात, अम्मींची आधी आणि बाकीच्यांची नंतर. फजरमध्ये त्या कुनूत पढतात, आम्ही पढत नाही. दादीने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे, "तू तुझी पढ, आम्ही आमची पढतो, अल्ला एकच ऐकतो." शाफई मसलकात फर्ज हजसाठी विश्वासू स्त्रियांच्या सोबतीने जायची मुभा आहे. चाचा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपके मसलक में होता तो मैं कौन बोलनेवाला?" चहा न घेता गेले. अर्जावर सही करताना अम्मींचा हात थरथरला नाही. मी शेजारी बसून पाहत होते. रेशनकार्डापासून अब्बांच्या पेन्शनपर्यंत त्यांनी आजवर केलेल्या सगळ्या सह्या 'यांची पत्नी' म्हणून होत्या. ही पहिली, एकटीच्या नावाने.

रजबमध्ये निवड झाल्याचं कळलं. त्या वर्षी भारताचा कोटा १,७५,०२५ यात्रेकरूंचा होता आणि महरमशिवाय जाण्यासाठी अर्ज केलेल्या स्त्रिया पाच हजारांहून अधिक. खर्च तीन लाखांच्या वर. बांगड्या विकल्या. हजचा पैसा कर्जाचा नसावा, कुणाच्या तोंडचा नसावा, हा त्यांचा हट्ट. म्हणून ह्यांनी देऊ केलेले पंचवीस हजार त्यांनी परत केले आणि दोन महिने जास्त मशीन चालवली. आळीतल्या शाळकरी पोरींचे युनिफॉर्म शिवून झालेला तो हज आहे, असं मी म्हणते.

शबेबरातला ह्यांच्याकडे फुलं देऊन अम्मींनी अब्बांच्या कबरीवर निरोप पाठवला. काय निरोप, ते ह्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१२ मार्च २०२४ला पहिला रोजा, आणि थोरलीची दहावीची बोर्डाची परीक्षा १ मार्चपासूनच सुरू झालेली. पुढचे सगळे पेपर रोज्यात. मी म्हटलं, पेपरच्या दिवशी नको धरू, नंतर कजा कर. ती ऐकेना. गणिताच्या आदल्या रात्री अम्मी तिच्यासोबत जागल्या. एकीकडे प्रमेय, एकीकडे तालबियाची घोकंपट्टी. "लब्बैक" आणि "पायथागोरस" एकाच खोलीतून ऐकू येत होतं. सहेरीला दोघींची पाठांतरं मीच घेतली.

११ एप्रिलला ईद. शिरखुर्मा दादीच्या पद्धतीचा आणि त्याच्या जोडीला सांदणं अम्मींच्या माहेरची. आमच्या घरी ईदला हे दोन्ही असतातच. घाटावरचे पाहुणे आधी सांदणाला हात घालतात आणि कोकणातले शिरखुर्म्याला. ईद झाल्यावर अम्मी सगळीकडे 'कहासुना माफ' करून घ्यायला निघाल्या. मी त्यांच्यासोबत चिपळूणला गेले. घाट उतरताना त्या प्रत्येक वळणाला अब्बांची एकेक आठवण सांगत होत्या. २२ जुलै २०२१च्या पुरात त्यांच्या माहेरचं तळमजल्यातलं सगळं गेलं होतं. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांच्या भावाने रंग देताना मुद्दाम तशीच ठेवली आहे. त्या रेघेखाली बसून मामूंनी आपल्या आजोबांच्या हजची गोष्ट सांगितली. ते मुंबईहून जहाजाने जेद्दाहला गेले होते. निघताना घरच्यांनी वारसांची वाटणी करून घेतली होती, कारण परत येतील याची खात्री कुणालाच नव्हती. मुंबईहून हजला जाणारी जहाजं १९९५ साली बंद झाली. मामू म्हणाले, "आता काय, साडेपाच तासांचा प्रवास." अम्मी हसल्या. पण रात्री त्यांनी मला जवळ घेऊन मशीन थोरलीची, पितळी हंडा नणंदेचा आणि कुराण ठेवायची रेहल माझी, असं सांगून टाकलंच.

आणि मग खाली. ईद आणि बकरीद यांच्या मधला, ना सण ना फातेहा, म्हणून खाली. दादीच्या मते या महिन्यात लग्नकार्य काढायचं नाही. अम्मी म्हणायच्या, "खाली बोले तो कामां खाली हैं क्या?" त्या वर्षी तर मुळीच नव्हती. लस, तरबियती कॅम्प, औषधांच्या चिठ्ठ्या, बॅगेवर नाव रंगवणं. सुकट न्यायची की नाही यावर चौघींची एक बैठक झाली. न्यायची नाही असं नर्सबाईंनी ठरवलं. २७ मे २०२४ला दहावीचा निकाल लागला. थोरलीला ८९ टक्के. पेढ्यांचा पहिला तुकडा अम्मींनी खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईला निघालो. हज हाऊसच्या गर्दीत चौघी एका रांगेत उभ्या राहिल्या, गळ्यात ओळखपत्रं, हातात एकेक छत्री. कोण कुणाची विहीण, कुणाची विधवा, कुणाची आई हे त्या रांगेत दिसत नव्हतं. आम्हीच रडत होतो. त्या नव्हत्या.

परत आल्यावर घर खरोखरच खाली होतं. पाच वाजता मशीनचा आवाज नाही. दोन असरमधली एक गेली.

बकरीदचा महिना लागला तेव्हा कऱ्हाडला पाऊस सुरू झालेला. १५ जूनला अरफात. आम्ही रोजा धरला आणि टीव्हीपुढे बसलो. १७ला आमच्याकडे ईद. त्याच दिवशी मक्केत ५१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. बातम्यांत उन्हाने दगावलेल्यांचे आकडे वाढू लागले. पुढे सौदी सरकारनेच १,३०१ हा आकडा जाहीर केला. त्यांतले बहुतेक नोंदणीशिवाय, तंबू-वाहनांची सोय नसताना चालत गेलेले होते. पण हे नंतर कळलं. त्या दोन दिवसांत आम्हांला एवढंच ठाऊक होतं की अम्मींचा फोन लागत नाही. बाकी तिघींचाही नाही. कुर्बानीचं मटण पहिल्यांदाच माझ्यापुढे आलं. दरवर्षी तीन वाटे अम्मी करतात. गरिबांचा, नातलगांचा, घरचा. हात चालत नव्हते, तरी वाटे केले. चाचा दिवसातून चारदा येत होते. दारातच उभे राहायचे, मी मान हलवली की परत जायचे. एकदाही ते म्हणाले नाहीत, की मी आधीच सांगितलं होतं. त्यांचा हा मोठेपणा मला जन्मभर पुरेल.

१८ जूनच्या रात्री फोन आला. आवाज बसलेला, पण अम्मींचाच. मिनात कंकऱ्या मारून परतताना बांगडीवाल्या खाला चक्कर येऊन पडल्या होत्या. नर्सबाईंनी त्यांच्या अंगावर पाणी ओतलं, मावशींनी पाय चेपले, अम्मींनी दोन छत्र्या धरून सावली केली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिघी तिथून हलल्या नाहीत. पुढे दवाखान्यात दोन दिवस आळीपाळीने बसल्या. खाला बऱ्या झाल्या. फोनची बॅटरी त्या धावपळीत संपलेली. ह्यांनी स्पीकर लावला होता. चाचा ऐकत होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "चारों आएंगे तो लेने मैं जाऊंगा." मसला त्यांनी बदलला नाही, जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाड्याची मोठी गाडी करून मुंबईला मात्र तेच गेले.

८ जुलै २०२४ला १४४६ साल लागलं. आणि १७ जुलैला, मोहरमच्या दहावीला, पुन्हा आषाढी एकादशी. आदल्या साली आषाढीला बकरीद, या साली मोहरम, हे कसं काय, असं धाकट्याने विचारलं. मी कालनिर्णय खाली काढून त्याला दाखवलं. मराठी महिनेही चंद्राचेच, पण ते साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक महिना घालून सूर्याला गाठतात. २०२३मध्ये अधिक श्रावण आला होता. आपल्याकडे अधिक महिना नाही. म्हणून आषाढीच्या जोडीला आधी बकरीदचा महिना होता, तो एक घर पुढे सरकून मोहरम आला. चंद्र एकच, तिथी जवळजवळ तीच, फक्त हिशेब वेगळा.

त्या दिवशी अम्मींनी चोंगे केले. शेजारच्या वहिनींना एकादशी होती, त्यांनी डबा घेतला, झाकून फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या द्वादशीला उपास सोडताना खाईन." मागच्या आषाढीला आमची कुर्बानी एक दिवस थांबली होती, या आषाढीला त्यांनी आमचे चोंगे एक दिवस थांबवले. अम्मींनी त्यांना जमजमची छोटी बाटली आणि सात खजूर दिले, आणि घरी येऊन मशीनवरची झाकणी काढली. युनिफॉर्मची कामं तुंबली होती.

सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी, आखरी चहारशंब्याला, आम्ही डबे घेऊन प्रीतिसंगमावर गेलो.